राहू दिलेली मातीची घरे

घटस्थापनेच्या आधीचा रविवार. सकाळची वेळ. घराच्या रंगकामाचे, सामानासकट, बत्तीस हजार ठरले, तेव्हा मागच्या लहान खोलीत आम्ही तिघे होतो: मी, माझी पत्नी शैला आणि तलासरीचे रंगारी गोविंदभाई. पण नीट मोजायचे तर तिथे चौथेही कुणी होते. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून एक बारीक गुणगुण येत होती. थांबे, पुन्हा सुरू होई, जणू भिंतीच्या पलीकडे कुणी ओठ मिटून गाणे म्हणत आहे. गोविंदभाई बोलायचे थांबले की ती ऐकू येई, आणि गोविंदभाई फार कमी वेळा थांबत. "श्राद्धाच्या दिवसांत कोणी रंग काढत नाय, सर, म्हणून तुमाला दोन हजार कमी," असे म्हणून त्यांनी श्वास घेतला, तेवढ्यात मी वर पाहिले. कुंभारीण घर बांधत होती.

कुंभारीण तुम्ही पाहिली असेल. गांधीलमाशीच्याच कुळातली, पण गोतावळ्यात न राहणारी. काळे अंग, पिवळे पाय, आणि कंबर इतकी बारीक की पुढचे शरीर मागच्या शरीराला एका दोऱ्याने बांधले आहे असे वाटावे. नळाखाली, विहिरीच्या कठड्याशी, जिथे माती ओली असेल तिथे ती डोके खाली घालून मातीची गोळी वळते, तोंडात धरून आणते आणि भिंतीवर थापते. थापताना गुणगुणते. ते गाणे हौसेचे नव्हे. तिच्या अंगाच्या थरथरीने माती सैल होते आणि नीट बसते. कामाचाच तो आवाज. पण दुपारी सारे घर निजलेले असताना तो कानावर आला, की त्याला काम म्हणायला जीभ रेटत नाही!

त्या खोलीला आम्ही कित्येक वर्षे लहान खोली म्हणत आलो आहोत. मोजमापाने ती स्वयंपाकघरापेक्षा मोठी आहे. मी गणिताचा शिक्षक. अशी विसंगती माझ्या डोळ्यांतून सुटत नाही. 'लहान' हे विशेषण खोलीचे नव्हते, तिच्यात यायच्या माणसाचे होते. ते माणूस आले नाही, विशेषण मात्र राहिले. बावीस वर्षांत आम्ही आगर गावातल्या या घराला तीनदा रंग दिला, आणि तिन्ही वेळा लहान खोली तशीच ठेवली, कारण तिच्या भिंतींवर, फळीखाली, दाराच्या वर, वीजमीटरच्या मागे कुंभारणींनी घरे बांधली होती आणि ती कुणी मोडायची नव्हती. अशी सतरा घरे झाली होती. या खेपेला शैलाच म्हणाली, "लहान खोलीपण रंगाला काढा." मी हो म्हणालो. पण त्या मातीच्या घरांचे काय करायचे, हे तिने सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

विचारणे हा माझा धंदा आहे, असे तुम्ही म्हणाल. खरे तर माझा धंदा उत्तरे देण्याचा. तलासरीच्या ज्या शाळेत मी शिकवतो, तिथे मागे एकदा व्हरांड्याच्या वाशाला गांधीलमाश्यांचे पोळे लागले. उलट्या छत्रीसारखे, राखी रंगाचे, एका दांडीवर लोंबणारे. विज्ञानाच्या बाई प्रशिक्षणाला गेलेल्या, म्हणून आठवीचा वर्ग प्रश्न घेऊन माझ्याकडे आला.

"सर, ती चावते का डसते?"

डसते, मी म्हणालो. आणि डसणारी नेहमी मादी असते, नराला नांगी नसते. यावर मागच्या बाकावरच्या मुलींनी बाके बडवली. "ऐका रे! आमच्याशी नीट वागा!"

"सर, डसली की मरते ना?"

ती मधमाशी. मधमाशीची नांगी काटेरी, ती आपल्या कातडीत रुतून राहते. गांधीलमाशीची गुळगुळीत, ती पुन्हा पुन्हा डसू शकते.

"सर, घर कशाचं?"

कागदाचे. वाळके लाकूड चावून त्याचा लगदा करते आणि त्याचे पापुद्रे लावते.

"मग सर, माझी गृहपाठाची वही तिनंच नेली!"

चिकूच्या वाड्यांत गळून फुटलेल्या फळांवर त्या का बसतात, ताडीच्या मडक्याभोवती का घोंघावतात, पिल्लांना काय भरवतात, असे सगळे प्रश्न झाले. त्या गोड रस स्वतः पितात, आणि पिल्लांसाठी झाडावरच्या अळ्या मारून नेतात. म्हणजे वाडीवाल्यांचे कामच करतात. डिवचले नाही, पोळ्याला हात लावला नाही, तर त्या आपल्या वाटेला येत नाहीत. आणि कुंभारीण? ती तर घर पाडले तरी बहुधा अंगावर येत नाही. थोडी घुटमळते आणि दुसरीकडे पुन्हा माती आणू लागते. मुले समाधानाने गेली. मलाही समाधान वाटले. ज्या प्रश्नाला उत्तर आहे, तो प्रश्न किती निरोगी असतो!

कारण लोकांचे आम्हाला विचारायचे प्रश्नही ठरलेलेच होते, पण त्यांना उत्तर नव्हते. काय, काही गोड बातमी? अजून किती थांबणार? दोष कुणात आहे म्हणाले डॉक्टर? वापीच्या दवाखान्यात झाले, मग मुंबईच्या. तपासण्या झाल्या, कागदांचा गठ्ठा जाड होत गेला आणि कुठल्याच कागदावर दोष सापडला नाही. दोष सापडला असता तर निदान हात टेकता आले असते. सगळे ठीक आहे, असे ऐकत माणसाने किती वर्षे जगावे? पुढे प्रश्न कमी झाले, आणि ते कमी झाल्याचे ज्या दिवशी लक्षात आले, तो दिवस मला प्रश्नांहून जड गेला.

पण मी कुंभारणीबद्दल सांगत होतो. पहिली आली ती आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्याच्या अखेरीस. धाकटी डहाणू गावाहून माझी काकी सुके बोंबील घेऊन आली होती. लहान खोलीत, तेव्हा तिला अजून नाव नव्हते, दाराच्या वर ते ओले घर तिने पाहिले आणि हातातली पिशवी खाली ठेवून ती शैलाला म्हणाली, "अगं सूनबाई, ह्याला झाडू लावू नको हां. कुंभारीण घरात आली म्हणजे पाळणा हलणार. लांबट आहे बघ, मुलगा!" आम्ही हसलो. शैला लाजून आत गेली. काकी ते अगदी सहज बोलली. पुढे तिला आठवलेही नसेल.

दोन दिवसांनी शैला खोली झाडत होती. हातात लांब दांड्याची केरसुणी होती आणि ती दाराखाली उभी राहून वर पाहत होती. खूप वेळ पाहत होती, असे मला वाटले. मी तिच्या हातातून केरसुणी घेतली आणि म्हणालो, "राहू दे."

दोन शब्द. आपल्या भाषेत यांच्याइतके सोयीचे आणि यांच्याइतके आंधळे शब्द दुसरे नसतील. 'राहू दे' म्हणजे ठेव. 'राहू दे' म्हणजे सोड. ताटातली पोळी नको असेल तरी राहू दे, आणि देणाऱ्याने परत घेऊ नये असे वाटत असेल तरी राहू दे. कोण कुणासाठी काय राहू देतो आहे, हे त्या शब्दांत कुठेच लिहिलेले नसते. ऐकणाऱ्याने ते आपल्या मनातून भरून घ्यायचे. आम्ही दोघांनी ते आपापल्या मनातून भरून घेतले.

काही वर्षे गेली. श्रावणात देवळात कीर्तन होते, आम्ही दोघे गेलो होतो. बुवांनी कीटक-भृंगाचा दृष्टान्त घेतला. भृंगी म्हणजे हीच आपली कुंभारीण. ती कुठूनशी एक अळी उचलून आणते, मातीच्या घरात कोंडते आणि बाहेरून सारखी गुणगुणत राहते. अळी तो नाद ऐकते, तिचेच ध्यान धरते, आणि एके दिवशी अळीपण टाकून भृंगी होऊन उडून जाते. भक्त तसाच देवाचे ध्यान धरता धरता देव होतो, असे बुवा म्हणाले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. परतताना वाटेवर काळोख होता, समुद्राचा आवाज येत होता, नुकतीच सर पडून गेल्याने वाळू पायांखाली घट्ट लागत होती. शैला म्हणाली, "दुसऱ्याची अळी आणते आणि आपली करून टाकते. केवढं मन असेल हो तिचं!"

मी तिला खरे काय ते सांगितले. ही सवय. कुंभारीण अळीला, कधी कोळ्यांना, डंख मारून बधिर करते. ठार करत नाही, कारण अन्न ताजे राहिले पाहिजे. त्यांच्यावर ती आपले अंडे घालते, दार लिंपते आणि निघून जाते. अंड्यातून पिल्लू येते, ते त्या जिवंत अन्नावर वाढते, कोष करते आणि शेवटी भोक पाडून बाहेर पडते. बाहेर पडते ते तिचेच पिल्लू, अळी नव्हे. अळीचे रूपांतर होत नाही, तिचे जेवण होते. हे सारे मी बरोबर सांगितले. आजही त्यातला एक शब्द मला बदलावा लागणार नाही. शैला म्हणाली, "हो का?" आणि तिने नारळाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. पुढे घरापर्यंत आम्ही दुसऱ्याच कशावर तरी बोलत गेलो.

मग कुंभारणी येत राहिल्या. त्यांना काकीचे बोलणे ठाऊक नव्हते, दवाखान्याचे कागद ठाऊक नव्हते. त्यांना फक्त एवढे कळले असावे, की या खोलीत वर्दळ नाही, खिडकी उघडी असते आणि इथे केरसुणी वर चढत नाही. आईला आणखी काय हवे? आई म्हणतो खरा, पण ती आपल्या पिल्लाचे तोंड कधीच पाहत नाही. अन्न भरून, दार लिंपून ती जाते, आणि पिल्लू बाहेर येते तेव्हा बहुधा ती या जगातही नसते. न पाहिलेल्यासाठी इतके नेटके घर बांधायचे! मी दर वर्षी नवे घर दिसले की मनाशी आकडा वाढवीत असे, आणि शैलासमोर त्या भिंतीकडे पाहणे टाळीत असे. तिला वाटू नये, की मी तिची आशा मोजतो आहे.

तर सोमवारी गोविंदभाई कामाला आले. शिडी लावली, वर चढले, खरवडायचा पत्रा हातात घेतला आणि तिथूनच म्हणाले, "सर, हे माटीचे गोळे घसून काढू ना? नायतर रंग पकडणार नाय."

मी म्हणालो, "बेनना विचारा."

शैला चहा घेऊन दारात आली होती. "मला काय विचारता? सरांचं आहे ते."

"माझं?"

"मग कोणाचं? तुमच्यासाठीच तर ठेवली इतकी वर्षं."

"माझ्यासाठी? शैला, मी तुझ्यासाठी ठेवली!"

गोविंदभाईंनी शिडीवरून आम्हा दोघांकडे पाहिले. मग गोविंदभाई म्हणाले, "लो! म्हणजे याला मालकच नाय. मग मी माझ्यासाठी काढू?"

आम्ही दोघेही हसलो. खरोखर हसलो, शैलाच्या हातातल्या कपांतून चहा बशांत सांडला. गोविंदभाईंना आपला विनोद फार साधल्यासारखे वाटले. ते खाली उतरले, कप उचलला आणि ओटीवर जाऊन बसले. मग खोलीत आम्ही दोघे राहिलो, आणि हसू ओसरल्यावर जे राहते ते राहिले.

"तू त्या दिवशी वर बघत उभी होतीस," मी म्हणालो. "मला वाटलं, तुझा जीव अडकलाय त्यात."

"मी कोळ्याची जाळी बघत होते. केरसुणी तिथवर पोचेना." ती शांतपणे म्हणाली. "तुम्ही केरसुणी घेतलीत, राहू दे म्हणालात. मला वाटलं, काकींचं बोलणं तुम्ही मनावर घेतलंय. म्हटलं, बाप व्हायची एवढी हौस आहे माणसाला, आपण कशाला मोडा."

"मला त्यातलं काही खरं वाटत नव्हतं."

"मला कुठं वाटत होतं?"

ओटीवरून गोविंदभाईंच्या फोनवरचे गुजराती बोलणे येत होते. शैलाने सांडलेला चहा पदराने पुसला, मग पुसलेला पदर पाहत राहिली. आणि जे तिने इतकी वर्षे म्हटले नव्हते ते, भाजीला काय करू असे विचारावे तशा आवाजात, म्हटले. "मला आणायचं होतं एक. दुसऱ्याचं. कीर्तनाहून येताना मी तुम्हाला तेच विचारत होते. पण तुम्ही म्हणालात, तसं होत नसतं. आणि घरी आले तर ही भिंतीवरची घरं तशीच. म्हटलं, हे अजून वाट बघताहेत, स्वतःच्याची. वाट बघणाऱ्या माणसाला कसं म्हणायचं, की आपण दुसऱ्याचं आणू या?"

मी कुंभारणीविषयी उत्तर दिले होते. प्रश्न कुंभारणीविषयी नव्हता. आणि मला काय हवे होते? मी तुम्हाला सांगतो, कारण तिला त्या सकाळी सांगितले आणि आता लपवण्यासारखे उरले नाही: शाळेत दर जूनला नवा वर्ग समोर येई, त्यात एखादे नातेवाइकांच्या दारी वाढणारे, पोरके मूल असे, आणि मी घरी येताना बसमध्ये 'असे एक आणू या का' हे शैलाला विचारायचे शब्द जुळवीत असे. मग लहान खोलीत नवे मातीचे घर दिसे, आणि मी म्हणे, शैला अजून वाट पाहते आहे, तिला कसे दुखवू? दोघे एकाच दाराच्या दोन बाजूंना उभे होतो, दोघांनीही दार दुसऱ्याने लावले आहे असे धरले होते, आणि ते नुसतेच लोटलेले होते. आता मी बावन्न वर्षांचा आहे, ती पन्नासला आली. आता लहान मूल आणले, तर त्याच्या विशीत आम्ही कुठे असू? हे गणित मी शैलासमोर केले नाही. तिने ते आधीच केलेले होते, हे मला तिच्या चेहऱ्यावरून दिसले.

गोविंदभाई आले, आम्ही दोघांनी हो म्हटले आणि ते शिडीवर चढले. एकेक घर पत्र्याने सुटून खाली पडू लागले. मी गोळा करून सुपात ठेवीत होतो, आणि तेव्हा प्रथमच ती जवळून पाहिली. प्रत्येकाला भोके होती. वाटाण्याएवढी, गोल, काठ नीट कापलेला. जे आत होते ते केव्हाच बाहेर पडून, खिडकीतून उडून, समुद्राकडे की चिकूच्या वाडीकडे, निघून गेले होते. सगळी घरे रिकामी. बावीस वर्षे आम्ही रिकाम्या मडक्यांवर पहारा केला, आणि ज्यांच्यासाठी ती बांधली होती त्यांनी त्यांत आपला पुरता संसार उरकला!

सतरावे खिडकीच्या कोपऱ्यातले. आदल्या दिवशीच लिंपलेले, अजून ओलसर, भोक नसलेले. गोविंदभाईंनी पत्रा लावला आणि शैला म्हणाली, "तेवढं एक ठेवा. आत अजून कोणी आहे."

"बेन, मग भाडं घ्या तिच्याकडून," गोविंदभाई म्हणाले. पण त्यांनी हात मागे घेतला आणि भोवतालचा वीतभर चौकोन सोडून भिंत रंगवली. फिकट पिवळा रंग, शैलाने निवडलेला. काम झाल्यावर तीस हजार त्यांनी घेतले, दोन हजार घेईनात. "अधुरं काम आहे, सर. ती गेली की घेईन." मी आग्रह केला नाही. माणसाचा शब्द त्याला पाळू द्यावा.

ते दिवस आम्ही बोललो, असे मला लिहिता आले असते तर बरे वाटले असते. थोडे बोललो. इतकी वर्षे बंद राहिलेले तोंड एकदम उघडत नाही. आधी काय काय हरवले त्याचा अंदाज घेत, मग सवय होत. पण सकाळी चहा आम्ही आता लहान खोलीत घेऊ लागलो. त्या चौकोनाकडे दोघेही उघडपणे पाहत असू. आतून आवाज येत नसे. गुणगुण असते ती बांधणारीची, वाढणारे मुके असते.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भोक दिसले. जाताना कुणी पाहिले नाही. खाली फरशीवर चिमूटभर माती पडली होती, तेवढीच खूण.

त्याच आठवड्यात गोविंदभाई डबा आणि कुंचला घेऊन आले. वर पाहून म्हणाले, "गेली ना बेन तुमची पावणी? आता घसू, सर?"

'राहू द्या' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. अगदी दातांपर्यंत आले होते. मी ते गिळले, वळलो आणि शैलाला विचारले, "तुला काय वाटतं?"

तिने माझ्याकडे पाहिले. माझ्या मनात काय आहे ते चाचपत नव्हती, एवढे मला कळले. मग म्हणाली, "काढा. आणि तेवढ्या जागेला नीट दोन हात द्या, डाग दिसायला नको."

दोन हात दिले. वाळल्यावर चौकोन कुठे होता ते सांगता येत नव्हते. उरलेले दोन हजार मी गोविंदभाईंच्या हातात ठेवले. त्यांनी मोजले, कपाळाला लावले, खिशात घातले. एकूण बत्तीस हजार, ठरल्याप्रमाणे. त्यांचा हिशेब पुरा झाला.